मेरी ब्रेकिन्रिज: घोडा सगळ्यांना आठवतो, नोंदवही कुणालाच नाही

पाणवठा

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, हायडन नावाच्या छोट्या गावी, १६ मे १९६५ रोजी मेरी ब्रेकिन्रिज वारली. सार्वजनिक आरोग्यातल्या नर्सांबद्दल मराठीत लिहिताना आपली गाडी नाइटिंगेलबाईंपाशी येऊन थांबते, म्हणून हा धागा.

जन्म १७ फेब्रुवारी १८८१, मेम्फिस. घराणं बडं. आजोबा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते, वडील रशियात अमेरिकेचे राजदूत. १९०४ मध्ये लग्न झालं आणि १९०६ मध्ये नवरा गेला. मग न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात नर्सिंगचं शिक्षण, ते १९१० ला पुरं झालं. १९१२ मध्ये दुसरं लग्न. १९१४ मध्ये मुलगा ब्रेकी. १९१६ मध्ये मुलगी पॉली, दिवस भरायच्या आत झाली आणि काही तासांतच गेली. जानेवारी १९१८ मध्ये ब्रेकीही गेला, चार वर्षांचा. त्यानंतर ती नवऱ्यापासून वेगळी झाली, माहेरचं नाव परत लावलं आणि युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समध्ये मदतकार्याला गेली. नर्सिंग आणि सुईणपण दोन्ही शिकलेल्या ब्रिटिश बायका तिला तिथे भेटल्या. अमेरिकेत असा पेशाच नव्हता. नर्स होत्या, सुईणी होत्या, दोन्ही मिळून एक बाई नव्हती.

१९२३ च्या उन्हाळ्यात ती केंटकीच्या डोंगरात घोड्यावरून सुमारे ६५० मैल फिरली आणि ५३ गावठी सुईणींना भेटली. बहुतेकींचं वय साठीच्या आसपास, शिक्षण नाहीच. मग लंडनच्या वूलिचमध्ये सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेतलं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात सरकारी आरोग्यसेवा विरळ वस्तीला कशी पुरवतात तेही पाहून आली. डोंगरात नर्स-सुईणींची सेवा चालवायला २८ मे १९२५ ला फ्रँकफर्ट या केंटकीच्या राजधानीत समिती स्थापन झाली. १९२८ पासून तिचं नाव फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस. हायडन ज्यात येतं त्या लेस्ली परगण्यात तेव्हा पक्का रस्ता नव्हता, रेल्वे नव्हती.

ब्रेकिन्रिजबद्दल जिथे तिथे घोड्यावर बसलेल्या नर्सेचा फोटो दिसतो. माझं म्हणणं, घोडा ही सोय होती. काम झालं ते ठरलेल्या भेटी, लेखी सूचना आणि नोंदी यांच्यामुळे. जाणकारांनी तपशिलात लिहावं.

सुईदोरा

धागा चांगला. कामाच्या बाजूने सांगते.

गरोदर बाई नावनोंदणीला आली की भेटींचं वेळापत्रक ठरलेलं: सातव्या महिन्यापर्यंत दर पंधरवड्याला, पुढे दर आठवड्याला. बाळंतपणानंतर दहा दिवस रोज. या भेटी गप्पांच्या नव्हत्या. रक्तदाब, लघवी, पायावरची आणि तोंडावरची सूज, बाळाची ठेवण, ठोके, एवढं दर खेपेला.

लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) त्या काळी असं बघत: काचेची नळी दोन तृतीयांश भरायची, तळाशी धरायची आणि वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचा. खालचा भाग गार राहतो, त्यामुळे तुलना त्याच नळीत होते. वर गढूळपणा आला तर ॲसेटिक ॲसिडचे दोन-चार थेंब. गढूळपणा गेला तर ते फॉस्फेट, काळजी नाही. राहिला तर अल्ब्युमिन, आणि सोबत रक्तदाब चढलेला असेल तर आकडीची पूर्वसूचना. चूक कुठे होते? अंगावरचं पांढरं पाणी नमुन्यात मिसळलं की अल्ब्युमिन नसताना दिसतं. म्हणून आधी धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार घ्यायची. आणि ॲसिड जास्त पडलं तर थोडं असलेलं अल्ब्युमिन विरघळून जातं, म्हणजे उलटी चूक. ही दुसरी जास्त महाग.

पंधरवड्याऐवजी महिन्याने गेलं तर काय बिघडतं? रक्तदाब चढायला लागल्यापासून आकडी येईपर्यंत कधी कधी दहा-बारा दिवसही मिळत नाहीत. सातव्या महिन्यानंतर दर आठवड्याला जायचं ते यासाठी.

मीटरपट्टी

घोड्याला इतकं हलकं लेखू नका. सगळा आराखडा त्याच्या चालीवर बेतला होता. नर्सांचं केंद्र मधोमध आणि भोवती पाच मैलांची त्रिज्या, म्हणजे सुमारे ७८ चौरस मैल. डोंगरवाटेवर घोडा तासाला चार-पाच मैल चालतो. कुठल्याही घरापासून नर्स तासा-दीड तासावर. बीच फोर्क, रेड बर्ड, फ्लॅट क्रीक, ब्रुटस अशी केंद्रं या हिशेबाने बसवली. मिळून सुमारे ७०० चौरस मैल. हायडनला छोटं रुग्णालय १९२८ मध्ये सुरू झालं, उद्घाटनाला स्कॉटलंडहून तिथल्या सार्वजनिक आरोग्यातले डॉक्टर सर लेस्ली मॅकेंझी आले होते.

खोगिराच्या थैल्यांचं वजन साधारण ४० पौंड, म्हणजे १८ किलो. दोन्ही बाजूंना सारखं भरलं नाही तर चढावर खोगीर एका अंगाला सरकतं आणि घोड्याची पाठ सोलवटते. मग आठवडाभर तो घोडा बाद. काचेच्या बाटल्या मध्यभागी, कापडात गुंडाळून. लोखंडी सामान तळाशी, पण घोड्याच्या बरगडीला टोचणार नाही असं. नदी ओलांडताना थैल्या वर उचलून मांडीवर घ्यायच्या, लगाम सैल सोडायचा. पोहणाऱ्या घोड्याचं तोंड ओढलं की तो मान वर करतो आणि मागचा भाग बुडतो. तिथले लोक पुराला 'टाइड' (भरती) म्हणत, समुद्र शेकडो मैल लांब असून.

थंडीत नालेला टोकदार खिळे. ते नसतील तर बर्फाच्या उतारावर घोडा घसरतो, आणि बहुधा नर्सेसकट. मेरी स्वतः १९३१ मध्ये घोड्यावरून पडली, पाठीचा कणा मोडला, पुढे आयुष्यभर पट्टा.

रिकामटेकडी

मीटरपट्टी, थैल्यांना जुन्या मराठीत 'खुर्जी' असा नेमका शब्द आहे. वापरा की.

एक शंका. डॉक्टर नाही, तर नर्स औषध कुणाच्या हुकमावर देणार? कायद्याने ते चालत होतं का?

जुनी_वही

चांगला प्रश्न, आणि माझ्या मते ब्रेकिन्रिजच्या कामाची चावी इथेच आहे.

केंटकीतल्याच लेक्सिंग्टन शहरातल्या डॉक्टरांची एक सल्लागार समिती होती. तिने छापील सूचनांचं पुस्तक करून दिलं: अमुक लक्षण दिसलं तर अमुक करा, अमुक औषध इतकंच द्या, आणि अमुक दिसलं तर काहीही न करता डॉक्टरला बोलवा. प्रत्येक नर्सेकडे त्याची प्रत. पुस्तकात नाही ते करायचं नाही. नर्सेचं स्वातंत्र्य आणि तिची मर्यादा दोन्ही त्यात लिहिलेली होती. आज आपण 'प्रोटोकॉल' म्हणतो ते हेच.

अर्गटचं उदाहरण घ्या. बाळ आणि वार दोन्ही बाहेर आल्यावर ते दिलं तर गर्भाशय आवळतं आणि रक्त थांबतं. तेच बाळ आत असताना 'कळा वाढवायला' दिलं तर गर्भाशय न सोडता आवळत राहतं, बाळ गुदमरतं, पिशवी फाटूही शकते. औषध तेच, अर्ध्या तासाच्या फरकाने जीव घेतं. म्हणून सूचनेत वेळ लिहिलेली लागते. मात्रा लिहून भागत नाही.

नोंदींचंही तसंच. सेवा सुरू करण्याआधी, १९२५ च्या उन्हाळ्यातच, तिने परगण्यातल्या जन्म-मृत्यूंची घरोघर पाहणी करवून घेतली. आधीचा आकडा हातात नसेल तर नंतर सुधारणा झाली हे कशाच्या जोरावर सांगणार? पुढे नोंदींच्या कामाला कार्नेगी कॉर्पोरेशन या देणगी देणाऱ्या संस्थेचे पैसे मिळाले आणि मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनी हिशेब तपासला. पहिल्या १,००० बाळंतपणांत, बाळंतपण हे थेट कारण असलेला एकही मातामृत्यू नाही. त्या वेळी देशाची सरासरी दर १०,००० जन्मांमागे साधारण ६० ते ७० मातामृत्यू होती.

चाफेकळी

आकडा भारी आहे, पण जरा दमानं. देशाच्या सरासरीने हजारात सहा-सात मृत्यू अपेक्षित होते, तिथे शून्य. योगायोग म्हणून सोडून देण्यासारखं नाही हे मान्य. पण तुलना कुणाशी होतेय ते बघा. देशाच्या सरासरीत शहरी रुग्णालयं आहेत, आणि तिथे त्या काळात चिमटे लावून, भूल देऊन, घाईने बाळंतपणं उरकत. त्यातून जंतुसंसर्ग. शिवाय त्या सरासरीत काळ्या स्त्रियाही आहेत, ज्यांना जवळजवळ कुठलीच सेवा मिळत नव्हती. केंटकीच्या डोंगरात बायका घरीच बाळंत होत, आतून तपासणी कमीत कमी. तेवढ्यानेच बाळंतज्वराचं प्रमाण खाली येतं.

पहिल्या १०,००० बाळंतपणांत मातामृत्यू ११, असंही सगळीकडे लिहिलेलं असतं. पण तो काळ १९२५ ते १९५४ आहे. त्यातल्या शेवटच्या पंधरा-सोळा वर्षांत सल्फा ही जंतुनाशक औषधं आणि मग पेनिसिलिन आलं, सगळ्या देशाचाच आकडा घसरला. तीस वर्षांची सरासरी एका ओळीत देऊन टाळ्या घेणं बरोबर नाही. पहिली बारा वर्षं वेगळी काढून बघायला हवीत, आणि पहिला हजार त्याच काळातला आहे. म्हणून मला तो लहान आकडा मोठ्या आकड्यापेक्षा जास्त पटतो.

सुईदोरा

चाफेकळी, आतून तपासणीबद्दल अगदी सहमत. हात आत न घालता काय काय कळतं ते लिहिते, कारण या सगळ्या नर्सा ब्रिटिश पद्धतीत तयार झालेल्या होत्या आणि तिथे पोटावरून तपासण्यावर भर.

बाईला उताणं झोपवून गुडघे थोडे वाकवायचे, लघवी करून आलेली असावी. हात गरम करून घ्यायचे. गार हात लागला की पोट ताठ होतं आणि काही कळत नाही. पहिल्यांदा दोन्ही हात पोटाच्या वरच्या टोकाला: तिथे मऊ, मोठं, बेढब लागलं तर ढुंगण. कडक, गोल, टिचकीने हलणारं असेल तर डोकं, म्हणजे बाळ उलटं. मग दोन्ही बाजूंना: एकीकडे सलग, टणक पाठ आणि दुसरीकडे हातापायांचे खडबडीत उंचवटे. तिसऱ्यांदा खाली, अंगठा आणि बोटं यांच्या पकडीत डोकं धरून हलतंय का पाहायचं. हलत असेल तर अजून ओटीत उतरलेलं नाही. शेवटी बाईच्या पायांकडे तोंड करून दोन्ही हातांची बोटं खाली सरकवायची, म्हणजे डोकं किती वाकलंय ते कळतं. कळ चालू असताना यातलं काही करायचं नाही.

बाळ आडवं लागलं तर सातव्या महिन्यात घाबरायचं कारण नाही. शेवटच्या चार आठवड्यांतही आडवंच असेल तर रुग्णालय, तेही कळा सुरू होण्याआधी. कळा सुरू झाल्यावर डोंगरातून बाईला खाली आणणं म्हणजे स्ट्रेचर आणि चार-सहा गडी, कित्येक तास. आठवड्याच्या भेटीचा उपयोग इथे पुन्हा.

अश्वत्थ

घरी तयारी काय असे? गरम पाणी आणि स्वच्छ कापड, एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं.

सुईदोरा

त्या काळच्या घरी जाणाऱ्या नर्सांची सर्वसाधारण रीत सांगते. जुनी वर्तमानपत्रं आठ-दहा घड्या एकावर एक, वर धुतलेलं जुनं कापड शिवायचं. ही गादी बाईच्या अंगाखाली. रक्त-पाणी शोषलं जातं, नंतर जाळून टाकता येते, आणि खर्च शून्य. न उघडलेलं वर्तमानपत्र बऱ्यापैकी स्वच्छ असतं. नाळेसाठी फीत आणि कात्री उकळायची, पाण्याला खळखळून उकळी आल्यापासून मोजायचं. भांडं चुलीवर ठेवल्यापासून मोजलं तर वीस मिनिटांची दहाच होतात.

बाळ झाल्यावर सगळ्यात जास्त चुका वारेपाशी होतात. वार सुटल्याच्या खुणा: एकदम थोडं रक्त येतं, बाहेरची नाळ लांबते, पोटात गर्भाशय वर सरकून चेंडूसारखं घट्ट लागतं. त्याआधी नाळ ओढायची नाही. सैल गर्भाशयावर ओढ दिली तर ते आतून बाहेर उलटं होऊ शकतं आणि बाई काही मिनिटांत जाते. वार बाहेर आली की पसरून पाहायची: सगळे तुकडे एकमेकांना जुळतात का, पडदा उजेडासमोर धरल्यावर भोक एकच दिसतं का. एखादा तुकडा आत राहिला तर रक्तस्राव आज किंवा ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी. रोजच्या दहा भेटींचं कारण हा तिसरा-चौथा दिवस.

पाणवठा

छान चाललंय. नुसतं बाळंतपण नव्हे हेही नोंदवू या. संपूर्ण घराचं आरोग्य हेच काम होतं: विषमज्वर, घटसर्प, देवीच्या लशी, जंत, संडास आणि विहीर. घराने वर्षाला १ डॉलर, बाळंतपणाचे ५ डॉलर. रोकड नसेल तर घोड्यांचा चारा, सरपण किंवा अंगमेहनत. फुकट नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

जुनी_वही

त्या काळच्या विषमज्वराच्या लशीत अडचण मजेशीर. तीन टोचण्या, आठवड्याच्या अंतराने. पहिली अर्धा मिलिलिटर, पुढच्या दोन एकेक. पहिल्या टोचणीने दंड सुजतो आणि रात्री ताप येतो. घरातली माणसं म्हणणार, 'चांगला होतो, सुईने आजारी पडलो', आणि दुसऱ्या आठवड्याला गायब. आधीच सांगून ठेवलं की उद्या ताप येईल आणि परवा जाईल, तर माणूस परत येतो. शेतीच्या घाईच्या दिवसात टोचायचं नाही, हे दुसरं.

घटसर्पाचं उलट. टोचल्यावर संरक्षण यायला काही महिने लागत. साथ सुरू झाल्यावर टोचून काही हाती लागत नाही.

रिकामटेकडी

एक गोष्ट खटकते. 'दोन मुलं गेली म्हणून तिने जगाच्या मुलांना वाहून घेतलं' असं वाक्य सगळीकडे असतं. बाईने काही मोठं केलं की त्यामागे आईपण शोधायलाच हवं का?

चाफेकळी

तिने स्वतःच ते सांगितलंय, ब्रेकीवर छोटं पुस्तकही लिहिलं, त्यामुळे ते खोटं नाही. पण क्रम बघा. नर्स ती १९१० लाच झाली होती, मुलं व्हायच्या आधी. दुःखाने तिला ढकललं असेल, पण १९१८ ते १९२५ ही सात वर्षं तिने फ्रान्स, कोलंबिया विद्यापीठातलं सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण, केंटकीची पाहणी, लंडन, स्कॉटलंड अशी शिकण्यात घालवली. शोकात सात वर्षांचा अभ्यासक्रम आपोआप होत नाही.

आणि दुसरी बाजूही लिहायला हवी. ती वंशभेद मानणारी होती. डोंगरातले लोक 'शुद्ध अँग्लो-सॅक्सन' रक्ताचे आहेत असं सांगून न्यूयॉर्क-बॉस्टनच्या श्रीमंतांकडून देणग्या मिळवल्या. काळ्या नर्सांना या सेवेत जागा नव्हती. वर मी आकड्यांबद्दल लिहिलं, त्यात ही गोष्टही जोडून वाचा. ज्या स्त्रियांना या सेवेची गरज सर्वांत जास्त होती, त्या तिच्या नकाशातच नव्हत्या.

मीटरपट्टी

घोड्याचे फोटो कुठून आले त्याचंही उत्तर यातच आहे. देणगीदारांना रजिस्टर दाखवून पैसे मिळत नाहीत. १९३० च्या सुमारास तिच्या नात्यातल्या मार्विन ब्रेकिन्रिजने या नर्सांवर मूकपट काढला, तोच शहराशहरांत दाखवत. मार्विन ही तिथली कुरियर. कुरियर म्हणजे श्रीमंत घरांतल्या तरुण मुली, बिनपगारी, घोड्यांची निगा आणि निरोप पोचवणं एवढं काम. १९२८ पासून. नर्सेचा वेळ खरारा करण्यात जाऊ नये म्हणून. महामंदीत पैसे आटले तेव्हा नर्सांचे पगार कापले गेले, केंद्रं मात्र चालू राहिली.

जुनी_वही

दुसऱ्या महायुद्धाचा फटका सांगायचा राहिला. बऱ्याच नर्सा ब्रिटिश होत्या, १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर मायदेशी परतल्या. बदली बायका आणायच्या कुठून? म्हणून त्याच वर्षी हायडनलाच नर्स-मिडवाइफ (नर्स आणि सुईण दोन्ही) तयार करणारी शाळा काढली. ती आज विद्यापीठ झाली आहे. माणसं गेल्यावरही काम चाललं याचं कारण तेच छापील पुस्तक, नव्या नर्सेला कुणाच्या डोक्यात काय होतं ते शोधत बसावं लागलं नाही.

अश्वत्थ

नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेट टाकत ना? ते बाटलीतून न्यायचे का घोड्यावर?

सुईदोरा

एक टक्क्याचं द्रावण, प्रत्येक डोळ्यात एक थेंब, आईच्या अंगातल्या परम्यामुळे बाळ आंधळं होऊ नये म्हणून. बाटली धोक्याची. बूच सैल असेल तर पाणी उडून जातं, द्रावण तीव्र होतं आणि डोळा भाजतो. उजेडाने खराब होतं ते वेगळंच. म्हणून एका बाळापुरतं द्रावण मेणाच्या छोट्या कुपीत मिळू लागलं: सुईने टोचायचं, दाबायचं, उरलेलं फेकून द्यायचं. दुसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या तर ते बहुधा औषधाने, दोन दिवसांत ओसरतं. चौथ्या दिवशी पू आला तर मात्र संसर्ग. पुन्हा तीच रोजची भेट, बघा.

रिकामटेकडी

आणि ते खुर्जीच्या आतलं पांढरं अस्तर? फोटोत दिसतं. चामड्याच्या पिशवीत पांढरं कापड म्हणजे मळायला निमंत्रण.

सुईदोरा

मळलेलं दिसावं म्हणूनच पांढरं. अस्तर सुटं, काढून उकळायचं, वाळवायचं, परत बसवायचं. चामडं उकळता येत नाही, कापड येतं. पावसाळी हवेत ते वाळायच्या आत पुढचं बोलावणं येतं, म्हणून अशा कामाला अस्तराचे दोन जोड लागतात.